रुथवेल : तुकडे जोडणाऱ्या पाद्र्याचं गाव

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारी गावं, वाड्या आणि शेतं. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, डम्फ्रीज शहरापासून साधारण १६ किलोमीटरवर रुथवेल ही अशीच एक पॅरिश आहे. समोर सॉलवे फर्थची खाडी, खाडीपलीकडे इंग्लंड आणि एका बाजूला लॉखर मॉस नावाची मोठी दलदल. सगळी जमीन सपाट.

स्पेलिंग बघून आपण रुथवेल म्हणतो, पण तिथले लोक म्हणतात 'रिव्वल'! जुन्या इंग्रजीत 'रोड' म्हणजे रस्ता नव्हे, तर क्रूस. 'वेला' म्हणजे झरा. त्यामुळे 'क्रूसाजवळचा झरा' असा या नावाचा अर्थ लावला जातो.

क्रूस मात्र खरंच आहे. आठव्या शतकातला, साडेपाच मीटर उंच, दगडी. त्यावर रून लिपीत जुन्या इंग्रजीतली कविता कोरली आहे आणि त्या कवितेत क्रूस स्वतःच बोलतो! पण १६४२ मध्ये चर्चनेच ही मूर्तिपूजा ठरवून तो फोडायला लावला. तुकडे बरीच वर्षं इकडे-तिकडे पडून होते.

१७९९ मध्ये हेन्री डंकन इथे पाद्री म्हणून आले. त्यांनी तुकडे गोळा केले आणि १८२३ मध्ये आपल्या घराच्या बागेत क्रूस पुन्हा उभा केला. हरवलेला आडवा भाग नवीन बनवून घेतला.

डंकन आधी लिव्हरपूलला बँकेत नोकरीला होते. तेव्हा बँकेत खातं उघडायला १० पौंड लागायचे. मजुराकडे एवढे कुठून असणार? म्हणून १८१० मध्ये त्यांनी रुथवेलला सेव्हिंग्ज बँक काढली. सहा पेन्स असले तरी चालायचे, म्हणजे चारशेपट कमी! युक्ती साधी होती. सगळ्यांची चिल्लर एकत्र करून मोठ्या बँकेत ठेवायची आणि मिळालेलं व्याज खातेदारांना द्यायचं. पुढे ही कल्पना ब्रिटनभर पसरली.

१८४३ मध्ये पाद्री जमीनदाराने नेमायचा की गावाने निवडायचा, या वादात डंकन यांनी गावाची बाजू घेतली आणि चर्च सोडलं. चर्चबरोबर घरही गेलं. बागेतला क्रूस मागेच राहिला. १८४६ मध्ये ते वारले. क्रूस चर्चच्या आत आला तो १८८७ मध्ये, आणि आजही तो तिथेच उभा आहे.

पुढच्या वेळी पासबुक भरायला रांगेत उभे राहाल तेव्हा या छोट्या गावाची आठवण जरूर काढा!