रॉडवरची रेघ

बुलढाणा जिल्ह्यात 2018 साली भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम् सुफलाम्' उपक्रमासाठी 134 जेसीबी आणि पोकलेन यंत्रे उतरवली, तेव्हा बातम्या झाल्या त्या उपसलेल्या गाळाच्या आणि साठणाऱ्या पाण्याच्या. त्याच्या आदल्या वर्षी राज्य शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली होती. तलाव-नाल्यांतली माती आणि मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरायचा आणि त्या खोदाईतूनच जलसाठा वाढवायचा, ही पद्धत तर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणूनच देशभर ओळखली गेली. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प उभा राहतो आहे. या साऱ्या कामांचा हिशेब घनमीटरमध्ये आणि किलोमीटरमध्ये मांडला जातो. ज्या पोलादी नळकांड्यांच्या जोरावर ही माती हलते, त्या हायड्रॉलिक सिलिंडरांचा हिशेब मात्र कुठे दिसत नाही. या सिलिंडरांची दुरुस्ती आज बहुतांशी सील किट बदलण्यापाशी थांबते. ती पृष्ठभागाच्या मोजमापापर्यंत जायला हवी आणि तशी सोय जिल्ह्यातच व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

सिलिंडरची ताकद आणि त्याची नजाकत या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात दिसतात. 100 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर 250 बार दाबाचे तेल आले की सुमारे 20 टनांचा जोर तयार होतो. जेसीबीसारख्या बॅकहोमध्ये दाब साधारण एवढाच असतो, मोठ्या पोकलेनमध्ये तो 350 बारच्या घरात जातो. हा दाब अडवायचे काम करतात पॉलियुरेथेनची काही कडी, म्हणजेच सील. जोसेफ ब्रामाने 1795 साली लंडनमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यापुढेही हीच अडचण होती: दट्ट्या सरकला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. त्याचा सहकारी हेन्री मॉड्सलीला श्रेय दिले जाते ते चामड्याच्या वाटीसारख्या सीलचे. दाब वाढला की तिची कड आपोआप धातूवर अधिक घट्ट बसे. आजचे सील याच तत्त्वावर चालते. म्हणजे ते जितके दाबाखाली येते, तितके ज्या धातूवर घासते त्या धातूच्या गुळगुळीतपणावर अवलंबून राहते. पिस्टनला जोडलेल्या रॉडवरचा कठीण क्रोमचा थर साधारण 20 ते 50 मायक्रॉन जाडीचा, आणि त्याचा खडबडीतपणा 0.1 ते 0.3 मायक्रॉनच्या आसपास राखावा लागतो. याहून गुळगुळीत करूनही चालत नाही, कारण सीलखाली तेलाची पातळ फिल्म टिकावी लागते. या थराला नख अडकेल एवढी रेघ पडली की नवे सीलही तिच्यावर फाटू लागते.

रेघ का पडते, याचे उत्तर जिल्ह्याच्या भूगोलात आहे. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकरकडे, बेसाल्टचा खडक आणि मुरूम. त्याची कठीण धूळ रॉडवर बसते आणि रॉड आत जाताना तोंडाशी असलेल्या वायपर सीलवर कानशीसारखी चालते. वायपर झिजले की धूळ आत, तेलात. तिथून ती पंपापासून कंट्रोल वाल्वपर्यंत सगळीकडे फिरते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात दुखणे वेगळे आहे. काळी चिकण माती ओली असताना रॉडला चिकटते, वाळली की कवच धरते. शिवाय हा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश. कठीण क्रोमच्या थरात मुळातच अतिसूक्ष्म भेगा असतात. क्षारांचे पाणी त्यांतून खालच्या पोलादापर्यंत पोचते, गंज आतून धरतो आणि वरचा क्रोम टवके निघून उडतो. यंत्र बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुऊन, रॉड बाहेर ताणलेल्या अवस्थेत पावसाळाभर उभे ठेवले, तर ते न चालताच खराब होते. उभे करताना जितके रॉड आत घेता येतील तितके घ्यावेत आणि उघड्या राहणाऱ्या भागाला ग्रीस लावावे, एवढ्यानेही हे नुकसान बरेच टळते.

हंगामात मात्र एवढा विचार करायला कोणालाच सवड नसते. रब्बीची काढणी आटोपल्यापासून मृगाच्या पावसापर्यंतच गाळ काढता येतो. त्यात यंत्र बंद म्हणजे मालकाचे भाडे बुडाले आणि शेतकऱ्याचे ट्रॅक्टर रिकामे. म्हणून सिलिंडर जागेवरच उघडतात, सील किट टाकतात आणि यंत्र पुन्हा कामाला लावतात. कधी तर मुळात दोष सिलिंडरचा नसतोच. बूम आपोआप खाली बसू लागला की बोट पिस्टनच्या सीलकडे जाते, पण कंट्रोल वाल्वचा स्पूल झिजला तरी हेच घडते. हे ओळखण्याची जुनी परीक्षा आहे. रॉड पूर्ण बाहेर काढायचा, भार जमिनीवर टेकवून इंजिन बंद करायचे, लिव्हर हलवून अडकलेला दाब सोडायचा. मग रॉडच्या बाजूची होज सोडून तिचे तोंड बंद करायचे आणि पिस्टनच्या मागे दाब द्यायचा. मोकळ्या पोर्टमधून तेल वाहतच राहिले तर पिस्टनचे सील गेले. सुरुवातीचे थोडे तेल निघून थांबले तर दोष वाल्वमध्ये शोधायचा. ही परीक्षा न करता उघडलेला चांगला सिलिंडर कामाच्या जागेवरची धूळ घेऊनच पुन्हा बंद होतो.

खरी पुनर्बांधणी स्वच्छ टेबलावर होते. रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावून फिरवला की बाक कळतो. बोअर गेजने बॅरल तीन-चार ठिकाणी मोजला की तो कुठे अंडाकृती झाला आहे ते कळते. हलक्या रेघा होनिंगने जातात, पण बॅरल मर्यादेपलीकडे मोठा झाला तर बदलावाच लागतो. क्रोम उडालेला रॉड घासून, त्यावर पुन्हा क्रोम चढवून, ग्राइंड करावा लागतो, किंवा बाजारात मिळणारा तयार क्रोम रॉड घेऊन त्याला जुना डोळा, म्हणजे टोकाचे जोडकडे, वेल्ड करावा लागतो. वेल्डिंग कच्चे राहिले तर तो सांधा भाराखाली सुटतो, आणि खाली माणूस असू शकतो. वेअर रिंगही सीलबरोबरच बदलावी लागते, कारण ती झिजली की धातू धातूला घासतो. पिस्टनचा नट ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर शेवटी टेस्ट बेंचवर दाब देऊन तपासणी. यातले एकही पाऊल गूढ नाही. लागतात ती मोजमापाची साधने आणि ती वापरणारा हात.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की कंपनीचा नवा सिलिंडरच घ्यावा, जुन्याच्या नादी लागू नये. बॅरल फुगला असेल किंवा डोळ्याला तडा असेल तर हे मान्यच करायला हवे. पण पोलादाचा मोठा भाग ठणठणीत असताना केवळ वरच्या काही मायक्रॉनांसाठी अख्खा सिलिंडर भंगारात घालणे, हे एक-दोन यंत्रांवर संसार चालवणाऱ्या मालकाला परवडणारे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: क्रोम चढवण्यात वापरला जाणारा षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि आधीच पाण्याने गांजलेल्या जिल्ह्यात असे कारखाने नकोत. हे मला पूर्ण पटते. म्हणूनच प्लेटिंग जिल्ह्याबाहेरच्या, सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या परवानाधारक कारखान्यांकडेच राहावे. निदान, मोजमाप, होनिंग, जोडणी आणि दाबचाचणी एवढे जिल्ह्यात झाले तरी निम्म्याहून मोठा प्रश्न सुटतो. तिसरा आक्षेप म्हणतो की महामार्ग झाले, आता यंत्रांना काम किती उरणार? पण गाळ दर पावसाळ्यात नव्याने येतो. तलाव एकदाच उपसून भागत नाही, तसे यंत्रांचेही काम संपत नाही. यंत्रे जुनी होत जातील तशी दुरुस्ती वाढेलच.

साधने उभी करायला कोऱ्या जागेपासून सुरुवात करण्याची गरज नाही. आयटीआयच्या फिटर अभ्यासक्रमात हायड्रॉलिक्सचा भाग आहेच. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खामगाव आणि मलकापूरला औद्योगिक वसाहती आहेत. यांतल्या एखाद्या ठिकाणी एक टेस्ट बेंच, एक होनिंग यंत्र आणि मोजमापाचा संच बसवून पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांत जिल्ह्यातल्या मेकॅनिकांना प्रशिक्षण देता येईल. त्यात उच्च दाबाच्या तेलाचा धोका प्रथम शिकवावा. होजच्या सुईएवढ्या छिद्रातून उडणारी धार कातडीत शिरते, जखम किरकोळ दिसते आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा, हे प्रत्येक ऑपरेटरला माहीत असले पाहिजे.

यंत्रमालकांना एवढीच विनंती आहे की सिलिंडर दुरुस्तीला देताना सील किटच्या बिलावर समाधान मानू नका. रॉडचा बाक, बॅरलचे माप आणि दाबचाचणीचा आकडा कागदावर लिहून मागा. गाळ उपसणीचे कंत्राट देणाऱ्या यंत्रणांनीही हंगामापूर्वी हाच कागद मागायला सुरुवात करावी.