दुधाच्या दातांचे दुखणे आणि तातडीचे उपचार

दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, तेव्हा त्यांना कीड लागली तरी फारसे बिघडत नाही, असा समज अनेक घरांत आढळतो. तो घातक आहे. दुधाचे दात एकूण २० असतात. साधारणतः सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि त्यांतील शेवटच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. या दातांचे बाह्य कवच, म्हणजे दंतवल्क, कायमच्या दातांच्या मानाने पातळ असते. रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला आतील मऊ गाभा मात्र तुलनेने मोठा असतो. त्यामुळे कीड गाभ्यापर्यंत लवकर पोहोचते.

थंड वा गोड पदार्थ लागताच कळ येणे व ती लगेच ओसरणे, हे आरंभीचे लक्षण होय. रात्री ठणका लागून मूल झोपेतून जागे होत असेल, तर गाभ्याचा दाह बराच वाढला आहे असे समजावे. गाभा मृत झाला की दुखणे थांबते, पण रोग थांबत नाही. मुळाशी पू साचतो, हिरडीवर फोड येतो आणि खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते.

दंतवैद्याकडे जाईपर्यंत कोमट पाण्याने चूळ भरावयास लावावी व दातांत अडकलेले अन्नकण हलक्या हाताने काढावेत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल मुलाच्या वजनानुसार, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये; त्याचा संबंध यकृत व मेंदूला ग्रासणाऱ्या राय-विकाराशी आहे. लवंगेचे तेल हिरडी भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात गेल्यास ते विषारी ठरते. केवळ ठणका थांबावा म्हणून प्रतिजैविके देण्यात अर्थ नसतो. कारण रोगाचे मूळ दातातच राहते.

गालावर सूज व सोबत ताप असल्यास त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. सूज डोळ्यापर्यंत वा जबड्याखाली पसरणे, तोंड न उघडणे, गिळताना त्रास होणे, लाळ गळणे किंवा श्वास जड होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. जिभेखाली पसरणारी सूज श्वासमार्ग बंद करू शकते.

दंतवैद्य प्रथम दात वाचविण्याचा प्रयत्न करतो. किडलेला भाग काढून दात भरला जातो; गाभ्याचा वरचा भागच बिघडला असल्यास तेवढाच काढून औषध भरतात व दातावर टोपी बसवितात. दात काढावाच लागला, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकू नयेत म्हणून काही वेळा तारेची कडी बसवावी लागते. हट्टी मुलाला ‘डॉक्टरकडे नेईन’ असा धाक मात्र कधीही घालू नये. तसा धाक घातलेले मूल पुढे ठणका लागला तरी सांगत नाही, आणि तोवर पू झालेला असतो.