वाटाड्याची खातेवही

राउटर म्हटले की डोळ्यांपुढे घरातली दोन शिंगांची पेटी येते. प्रस्तुत लेखाचा विषय ती नव्हे. दूरसंचार कंपन्यांत कपाटाएवढे राउटर असतात, त्यांच्या एका मर्यादेविषयी आणि तिच्यावर काढलेल्या तोडग्यांविषयी मी लिहिते आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. पण मित्रहो, हा सारा मामला खातेवहीचाच आहे.

राउटर म्हणजे वाटाड्या. आमच्या कानडी मैत्रिणींच्या भाषेत ‘दारी तोरिसुववनु’. इंटरनेटवरील प्रत्येक जाळे आपल्याकडचे पत्ते शेजारच्या जाळ्यांना कळवते. या सर्व नोंदींची यादी मोठ्या राउटरला बाळगावी लागते आणि ती पाहून येणारा प्रत्येक तुकडा क्षणार्धात वाटेला लावावा लागतो. त्यासाठी टीकॅम नावाची खास स्मृती वापरतात. ती पाने उलटत बसत नाही, सगळ्या नोंदी एकदम ताडून पाहते. साहजिकच ती महाग असते, वीजही फार खाते. म्हणून मोजूनमापून बसवतात.

सिस्को कंपनीच्या कॅटलिस्ट ६५०० व ७६०० या मालिकांतील मोठ्या यंत्रांत अशी सुमारे दहा लाख घरे होती. पण ती आधीच वाटलेली. निम्मी, म्हणजे ५१२ के, आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांना, उरलेली मुख्यतः नव्या आयपीव्ही६ ला. संगणकवाल्यांचा ‘के’ १०२४ चा, तेव्हा ५१२ के म्हणजे ५,२४,२८८. आमच्या जमाखर्चात असला हजार कुणी चालवून घेणार नाही!

१२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीच्या जाळ्यातून सुमारे १५,००० नव्या नोंदी एकाएकी बाहेर पडल्या. थोड्याच वेळात त्या मागे घेतल्या गेल्या. पण तेवढ्यात जगाची यादी ५,१२,००० च्या पुढे गेली होती. तिच्यात स्वतःच्या अंतर्गत वाटा मिळवताच कित्येक कंपन्यांची वही भरली. वही भरली की यंत्र बंद पडत नाही, हीच खरी पंचाईत. बंद पडले असते तर निदान लगेच कळले असते. जादा नोंदींचे काम ते मुख्य प्रोसेसरवर ढकलते आणि तो बिचारा त्या ओझ्याखाली रखडतो. काही वाटा मंद, काही बेपत्ता, बाकी सुरळीत. पुढे यादी आखूड झाली तरी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज ही अवस्था जात नाही.

उपाय ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. सिस्कोने त्याच वर्षीच्या मे महिन्यात इशारा दिला होता. एका ओळीची आज्ञा देऊन वाटणी बदलायची. वहीची पाने त्याने वाढत नाहीत; एका खात्याची कोरी पाने दुसऱ्याला जातात. आयपीव्ही४ ला १००० के दिले, तर आयपीव्ही६ ची तेव्हाची यादीसुद्धा मावली नसती. म्हणजे आजची नड उद्याच्या पानांवर भागवायची! शिवाय नवी वाटणी अमलात यायला यंत्र बंद करून सुरू करावेच लागते. चालू दुकानाचे दार मुद्दाम कोण लावील? माझ्या मते खरी दिरंगाई इथे झाली, कारण यादी किती वाढली ते रोजच्या रोज प्रसिद्ध होत होते.

दुसरी युक्ती मला अधिक पसंत आहे. छोट्या-छोट्या नोंदी वहीत घ्यायच्याच नाहीत. ज्याचा पत्ता सापडणार नाही तो तुकडा सरळ वरच्या मोठ्या कंपनीच्या हवाली करायचा. आपण नाही का, बारीकसारीक रकमा ‘किरकोळ’ खात्यावर टाकत? यात जवळची वाट निवडण्याचा हक्क काहीसा सुटतो, पण लहान कंपनीचे त्यावाचून अडत नाही. जिच्यावर इतर जाळी विसंबून आहेत, तिला मात्र ‘किरकोळ’ म्हणून हात झटकता येत नाहीत. तिने पाने मोजलीच पाहिजेत.

काहींनी २०१४ साली आकडा ७६८ के वर नेऊन ठेवला. २०१९ मध्ये यादी तिथवर येऊन ठेपली आणि वाटणीचा विचार पुन्हा करावा लागला. या खेपेस मोठी पडझड झाली नाही.