बर्फांतला ट्रक

आमच्या वयाच्या माणसानें खेळण्यावर लेख लिहावा, याचें कित्येक वाचकांस हसूं येईल. परंतु गेल्या हिवाळ्यांत आम्ही कॅनडांत टोरोंटो येथें चिरंजिवांकडे राहावयास गेलों असतां एका खेळण्यानें आम्हांस जो धडा शिकविला, तो पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत आम्हांस कोणी शिकविला नव्हता.

आमचा नातू दहा वर्षांचा. वाढदिवसाचे व सणावारांचे पैसे दोन वर्षें सांठवून त्यानें रेडिओच्या इशाऱ्यावर धांवणारा, हातभर लांबीचा एक ट्रक घेतला होता. ही विद्या जुनीच. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहान बोट अशीच बिनतारी चालवून दाखविली होती. असो.

पहिला मोठा बर्फ पडला त्या दिवशीं नातवानें अंगणांत ट्रक मनसोक्त पळविला. तो गारठून घरांत आला, तेव्हां आम्हीच कनवाळूपणानें म्हणालों, “अरे, ट्रकलाही थंडी वाजत असेल. ठेव हीटरजवळ.” थोड्या वेळानें त्यानें कळ दाबली. पुढचीं चाकें दोनदां थरथरलीं आणि ट्रक जो गप्प झाला, तो झालाच. मुलगा रडला नाहीं, आम्हांस कांहीं बोललाही नाहीं. तें न बोलणें आम्हांस फार लागलें.

रात्रीं चिरंजिवांनीं ट्रक उघडला, तेव्हां उलगडा झाला. बर्फ जोंवर गोठलेला असतो, तोंवर तो फारशी इजा करीत नाहीं. इजा होते ती त्याच्या पाण्यानें. फटींत दडपून बसलेला बर्फ हीटरच्या उबेनें वितळला आणि सर्किटांवर उतरला. त्यांत रस्त्यावरचा बर्फ वितळविण्यासाठीं पसरलेलें मीठ मिसळलेलें. खारें पाणी वीज अधिक सुलभतेनें वाहून नेतें आणि धातूसही खातें. शिवाय बाहेरून आलेल्या थंड वस्तूवर घरांतल्या हवेचें दंव जमतें. चष्मा वापरणारांस हें सांगावयास नको. नळराजाच्या न धुतलेल्या पायांतून कली शिरला. येथें आमच्या मायेनेंच त्याला वाट करून दिली.

नवे भाग आमच्या पेन्शनींतून आले, आणि आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर कामास बसलों. मोटरीस वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर व संदेश घेणारा रिसीव्हर यांच्या सर्किटांवर सिलिकोनच्या पारदर्शक द्रवाचे दोन हात दिले. पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. प्लगांचे धातूचे टोंक मात्र कोरडे ठेवले, कारण तेथें लेप बसल्यास वीजच पोंचत नाहीं. रिसीव्हरच्या डबीच्या रबरी कड्यास आणि तारा बाहेर पडतात त्या भोंकांस सिलिकोन ग्रीस लावलें. चाकें वळविणाऱ्या सर्व्होच्या झांकणाचा सांधा व त्याच्या फिरत्या दांड्याचें मूळ यांसही तेंच. मोटर मात्र पिशवींत कोंडूं नये. खोल बर्फांत तिला श्रम अधिक पडतात, आणि कोंडलेली उष्णता तिला पाण्याइतकीच घातक होते.

बॅटरीचें शास्त्र निराळें. लिथियमची बॅटरी थंडींत लवकर थकते, म्हणून ती खेळ सुरू होईपर्यंत उबेंत ठेवावी. शून्य अंश सेंटिग्रेडखालीं तर ती चार्ज करूंच नये. आंत लिथियम धातूचा थर बसतो व बॅटरी कायमची बिघडते. बाहेरून आणल्यावरही ती घरच्या हवेइतकी उबदार होऊं द्यावी, मगच चार्जरला लावावी.

परंतु सर्वांत मोठी काळजी खेळ संपल्यानंतरची. बर्फ दारांतच ब्रशानें झाडावा, बॅटरी काढून घ्यावी, वरचें आवरण उतरवावें आणि ट्रक हीटरपासून दूर, मोकळ्या हवेंत रात्रभर सुकूं द्यावा. चाकांच्या बेअरिंगांस थेंबभर तेल द्यावें, नाहीं तर गंज चढतो. तोंवर कळ दाबण्याचा मोह आवरावा. लेप कितीही चांगला दिला तरी हा नेम चुकवून चालत नाहीं.

त्या दुरुस्तीनंतर आम्ही परत येईपर्यंत ट्रक आठ-दहा वेळां तरी बर्फांत गेला, आणि एकदांही रुसला नाहीं. खेळापूर्वीं बॅटरी आमच्या कोटाच्या आंतल्या खिशांत असे. नातू दारांत बूट घालीत हात पुढें करी आणि म्हणे, “आजोबा, बॅटरी द्या.” पहिल्या दिवशीं तो जें बोलला नव्हता, त्याचें उत्तर आम्हांस त्या पुढें केलेल्या हातांत मिळालें.