कोलकात्याची फुलं, आयर्लंडचं बिल

साताऱ्यात बसून तुम्ही मोबाइलवर एखाद्या परदेशी कंपनीचं सबस्क्रिप्शन घेता. कंपनी एका देशात, तिचे सर्व्हर दुसऱ्याच देशात, आणि पैसे कार्डावरून क्षणात गेलेले. हा व्यवहार भारतात झाला, असं सरकार कशाच्या आधारावर म्हणणार? याचं उत्तर आयजीएसटी कायद्याच्या 13व्या कलमात आहे, आणि ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो. कायद्याने सात खुणा दिल्या आहेत: ग्राहकाने इंटरनेटवर दिलेला पत्ता, कार्ड कुठे दिलं गेलं, बिलाचा पत्ता, वापरलेल्या उपकरणाचा आयपी पत्ता, पैसे गेले ते बँकखातं, सिमकार्डात असलेला देशाचा कोड आणि लँडलाइनची जागा. यांपैकी एकमेकींशी न भांडणाऱ्या कोणत्याही दोन खुणा भारताकडे बोट दाखवत असल्या, की ग्राहक भारतात आहे असं धरायचं. बस्स. कंपनीचं इथे ऑफिस हवं, गोदाम हवं, पाटी हवी, अशी कोणतीच अट नाही.

मग त्या कंपनीने भारतात नोंदणी करायची, ग्राहकाकडून 18 टक्के जीएसटी घ्यायचा आणि दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-5ए हे विवरणपत्र भरायचं. जगभरातल्या अशा कंपन्यांची नोंदणी बेंगळुरू पश्चिमच्या केंद्रीय कर कार्यालयाकडे सोपवलेली आहे. ज्यांचं भारतात पाऊलही पडलेलं नाही, अशांचा हिशेब एका शहरातल्या एका कार्यालयात जमा होतो!

पण हा कर तुमच्या-माझ्या खिशातला. कंपनी फक्त तो गोळा करून देते, म्हणून त्यावर जगात फारसं कुणी भांडत नाही. भांडण आहे ते तिच्या नफ्यावरच्या कराचं. भारतीय माणसं पाहतात, शोधतात, क्लिक करतात, त्यातून जो नफा होतो, त्यावर भारताचा हक्क आहे की नाही?

कोलकात्यातली राइट फ्लोरिस्ट्स ही फुलं विकणारी कंपनी. गिऱ्हाईक मिळावं म्हणून तिने गुगल आणि याहूवर जाहिराती दिल्या आणि पैसे परदेशी पाठवले, गुगलचे आयर्लंडला. पाठवताना टीडीएस कापला नाही. आयकर अधिकाऱ्याने हरकत घेतली, तो खर्चच अमान्य केला आणि प्रकरण आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या कोलकाता खंडपीठापुढे गेलं. 2013 मध्ये निकाल लागला तो फुलवाल्यांच्या बाजूने. जी कंपनी इथे फक्त वेबसाइटच्या रूपाने दिसते आणि जिचा सर्व्हरही भारतात नाही, तिची इथे कायम आस्थापना, म्हणजे धंद्याची ठरलेली जागा, आहे असं म्हणता येत नाही, आणि आस्थापना नसेल तर तिच्या नफ्यावर इथे करही नाही. न्यायाधिकरणाचं काही चुकलं नव्हतं. नियमच तसा होता. पण तो आला कुठून?

आठवडी बाजारात ओटा घेऊन बसणाऱ्याकडून बाजारकराची पावती फाडली जाते. बाहेरगावचा असला तरी तो तिथे बसलाय, एवढं पुरतं. देशादेशांतल्या करारांचा नियमही याच जातीचा आहे: कारखाना, शाखा, कार्यालय असं काही रोवलं असेल, तरच त्या देशाला नफ्यावर कर. पहिल्या महायुद्धानंतर करांचे दर चढले, एकाच नफ्यावर दोन-दोन देश कर मागू लागले, तेव्हा राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना अहवाल करायला सांगितला. ब्रूइन्स, आयनाउडी, सेलिग्मन आणि स्टॅम्प. 1923 च्या त्यांच्या अहवालाने विचारलं की संपत्ती निर्माण कुठे होते, ती असते कुठे, तिच्यावरचा हक्क कुठे बजावता येतो आणि तिचा मालक राहतो कुठे. पुढे 1928 च्या नमुना करारांतून कायम आस्थापनेचा नियम रुळला, आणि आजचे बहुतेक करार त्याच पायावर उभे आहेत.

या चौघांतले एडविन सेलिग्मन हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्राध्यापक. बाबासाहेबांचा ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती’ हा प्रबंध 1925 मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने निघाला, त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. त्या प्रबंधाचा विषयही महसुलाच्या वाटणीचाच: मध्यवर्ती सरकारचं काय आणि प्रांतांचं काय. देशादेशांत कर वाटण्याचा पाया घालणारे गुरू आणि देशाच्या आत महसूल कसा वाटला गेला ते उकलून दाखवणारा शिष्य, दोघे एकाच काळात एकाच कोड्याशी झुंजत होते. मला हे फार विलक्षण वाटतं. मात्र त्या चौघांपैकी एकही जण वसाहतींतला नव्हता, हेही तितकंच खरं.

आता 2016. परदेशी कंपन्यांच्या नफ्याच्या या कोड्यातून सरकारने नेमलेल्या, अखिलेश रंजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एक वाट काढली. करार आयकराला लागू होतात ना, मग आयकर कायद्याला हातच लावायचा नाही! वित्त कायद्यातच वेगळं प्रकरण घालून ‘इक्वलायझेशन लेव्ही’ आणली गेली आणि 1 जूनपासून ती सुरू झाली. वर्तमानपत्रांनी तिला ‘गुगल टॅक्स’ म्हटलं. दर 6 टक्के, फक्त ऑनलाइन जाहिरातींवर, आणि तोही इथल्या धंदेवाइकाने एका परदेशी कंपनीला वर्षात 1 लाखावर पैसे दिले तरच. पण खरी खुबी वसुलीत होती. परदेशी कंपनीला शोधत जायचंच नाही; पैसे देणारा आपल्या देशात आहे, त्याच्याच हातून कापून घ्यायचे. 5 लाखांची जाहिरात असेल तर 30,000 बाजूला काढून पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारजमा करायचे आणि 4,70,000 परदेशी पाठवायचे. कापले नाहीत तर भरायची जबाबदारी तुमची. पहिल्या वर्षी 300 कोटींच्या वर जमा झाले, चौथ्या वर्षी 1000 कोटींच्या वर. ज्या पैशाला पकडायला जागाच नाही असं सगळे म्हणत होते, तो असा सापडला.

लेव्हीत दोष होता, आणि तो लहान नव्हता. ती नफ्यावर नव्हती, बिलाच्या पूर्ण रकमेवर होती. कंपनीला तोटा झाला तरी 6 टक्के जाणारच. शिवाय मोठी कंपनी असा बोजा स्वतः कशाला सोसेल? 2021 च्या ऑक्टोबरपासून गुगलने भारतात दिसणाऱ्या जाहिरातींवर 2 टक्के अधिभार लावला. म्हणजे फिरून बोजा जाहिरातदारावर.

त्याआधी, एप्रिल 2020 मध्ये, भारताने आवाका वाढवला होता: परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन विक्रीवर आणि सेवांवर 2 टक्के, इथली उलाढाल 2 कोटींच्या वर असेल तर. या वेळी भरायचं त्या कंपनीने स्वतः. काही महिन्यांतच अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने चौकशी लावली आणि जानेवारी 2021 मध्ये निष्कर्ष काढला की हा कर अमेरिकी कंपन्यांशी भेदभाव करतो, कारण भारतीय कंपन्या त्यातून वगळलेल्या आहेत. मग 25 टक्के आयातशुल्क लावायच्या वस्तूंची यादी निघाली. यादीत काय होतं? बासमती तांदूळ, दागिने, कोळंबी! कर बसला संगणकाच्या पडद्यावरच्या व्यापारावर आणि धमकी गेली आंध्रच्या तळ्यांत कोळंबी वाढवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत. ते शुल्क जाहीर करून लगेच स्थगित ठेवलं गेलं, नोव्हेंबरमध्ये दोन्ही देशांत समझोता झाला. 2 टक्क्यांची लेव्ही 1 ऑगस्ट 2024 पासून गेली. पुढे अमेरिकेने डिजिटल करांविरुद्ध पुन्हा आयातशुल्काची भाषा सुरू केली आणि 1 एप्रिल 2025 पासून 6 टक्क्यांचीही गेली.

मला यात हळहळ वाटते ती महसुलापेक्षा हक्काची. भारताचा दावा प्रामाणिक होता, हत्यार ओबडधोबड होतं. पण ते खाली ठेवावं लागलं ते बाजारपेठ गमावण्याच्या भीतीपोटी.

दावा मात्र कायद्यात अजून शिल्लक आहे. परदेशी कंपनीची भारतातली उलाढाल 2 कोटींच्या वर गेली किंवा इथले वापरकर्ते 3 लाखांवर गेले, तर तिचं इथे लक्षणीय आर्थिक अस्तित्व आहे असं आयकर कायदा मानतो. विटा नाहीत, पाटी नाही, नुसती माणसं मोजून ठरणारं अस्तित्व! हे वाक्य कायद्यात लिहिणाऱ्याला माझा सलाम आहे. फक्त अमेरिका, आयर्लंड, सिंगापूर यांच्याशी आपले जुने करार आहेत आणि करदात्याला करार किंवा कायदा यांतलं जे सोयीचं ते निवडता येतं. करारात तोच जुना आस्थापनेचा नियम, त्यामुळे या कलमाचा हात त्या देशांतल्या कंपन्यांपर्यंत पोचत नाही.

करार बदलायचे तर सगळ्यांनी मिळून. 2021 मध्ये 130हून अधिक देशांनी अतिबड्या कंपन्यांच्या नफ्याचा काही भाग ग्राहकांच्या देशांत वाटायचं तत्त्वतः मान्य केलं. भारत होकार देणाऱ्यांत होता, केनिया आणि नायजेरिया नव्हते. ती योजना अंमलात आलीच नाही. आता संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांच्या पुढाकाराने नव्या कर-कराराची बोलणी चालू आहेत. त्याच्या जोडीच्या पहिल्याच प्रोटोकॉलचा विषय आहे डिजिटल काळातल्या सीमापार सेवांवरचा कर. अमेरिका फेब्रुवारी 2025 मध्ये बैठकीतून उठून गेली, बाकीचे बसून राहिले. न्यूयॉर्क आणि नैरोबीत फेऱ्या होतात, 2027 पर्यंत मसुदा पुरा करायचा आहे. भारताने तिथे आपली 3 लाख वापरकर्त्यांची अट पुढे करावी आणि ती कराराच्या मसुद्यात जावी यासाठी हट्ट धरावा.