साखर झाली गुप्तहेर!

ओळख बघू! मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? वाटीभर? मूठभर?

छे! चहाचा जेमतेम एक चमचा!

पण हा चमचा रिकामा होऊन चालत नाही हं. तू पोळी खा, भात खा, नाहीतर केळं खा. पोटात गेलं की त्यातून ग्लुकोज नावाची साखर निघते आणि रक्तात मिसळते. आपलं शरीर बनलंय असंख्य चिमुकल्या पेशींचं. रक्तातून ग्लुकोज आलं, की प्रत्येक पेशी आपापला वाटा उचलते. आणि सगळ्यात खादाड कोण, माहितीय? मेंदू! मोठ्या माणसाचा मेंदू एकटाच रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज फस्त करतो!

आता कधीकधी काय होतं, एखादी पेशी शिस्तच विसरते. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी खेळतच राहणारी मुलं असतात ना, तशी! एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ... थांबायचं नावच नाही! हाच कर्करोग, म्हणजे कॅन्सर.

शंभरएक वर्षांपूर्वी जर्मनीत ओटो वारबुर्ग नावाच्या शास्त्रज्ञांना एक गंमत दिसली. कॅन्सरच्या गाठी ग्लुकोज नुसतं ओरपत होत्या! आणि खाण्याची तऱ्हा तर बघ. पोळीचा एकच घास घ्यायचा, बाकीची टाकून द्यायची आणि पुन्हा ओरडायचं, "आई, वाढ!" ग्लुकोजचा एक कण पुरता वापरला, तर शक्तीची तीसेक नाणी मिळतात. या उधळ्या पेशी बहुतेक वेळा २ नाणी घेतात आणि उरलेला माल बाहेर फेकतात!

डॉक्टरांनी या हावरटपणाचाच फायदा घेतला. कसा, सांगू? त्यांनी बनवली एक नकली साखर! दिसायला ग्लुकोजसारखी, पण तिच्या पाठीवर अगदी हलका किरण सोडणारा फ्लोरिनचा कण. हावरट पेशी ती गपकन आत घेते. पण पचवणार कशी? साखर आतच अडकते आणि इशारे देत बसते, "मी इथे आहे! मी इथे आहे!" खास कॅमेरा ते इशारे टिपतो. याला म्हणतात पेट स्कॅन. नावात 'पेट' असलं तरी काही पेटत नाही हं! चित्रात मात्र ठिपके लखलखतात. मेंदूही लखलखतो बरं का, तो खादाड ना!

आणखी एक मजा! ही साखर टोचल्यावर तासभर 'स्टॅच्यू' खेळल्यासारखं गप्प पडून राहायचं. चुळबुळ केली, तर हातापायांचे स्नायूच ती गट्टम करतील!

ही साखर साठवताही येत नाही. दर ११० मिनिटांनी तिचे इशारे निम्मे होतात. म्हणून ती जवळपासच बनवायची आणि गरम भज्यांसारखी लगेच वापरायची. त्यासाठी लागणारं सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र आपल्या देशातल्या रुग्णांसाठी पहिल्यांदा सुरू झालं ते मुंबईत, परळला, २००२ साली!

मग साखर खाणंच सोडलं, तर कॅन्सर उपाशी मरेल? अनेकांना तसं वाटतं. पण नाही! सगळ्या पेशी एकाच रक्तातून जेवतात. तू साखर सोडलीस, तरी यकृत डाळ-अंड्यातल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतंच. नाहीतर मेंदूचं कसं व्हायचं? म्हणून आजारी माणसाने काय खावं, ते त्याच्या डॉक्टरांनाच ठरवू दे.

एक लाडू खाल्ला म्हणून कॅन्सर होत नाही. पण रोज गोडाचा मारा केला, तर वजन फार वाढतं. आणि लठ्ठपणामुळे काही कॅन्सरचा धोका वाढतो, हे मात्र खरं.

चल, जाता जाता एक गणित. साधारण ४ ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा ३० ग्रॅमहून जास्त साखर असते. भाग बघू ४ने! सात-आठ चमचे झाले ना? आता बाटलीवरची बारीक अक्षरं वाच आणि चमचे मोजून घरच्यांनाही सांग!