जमिनीपासून एक वीत

सकाळी ५.४५
एप्रिलचा दुसरा आठवडा. चांदोलीच्या जंगलाला लागून असलेलं शिराळा तालुक्यातलं गाव. मामांनी सॅक भरली. चोवीस सेल, तीन मेमरी कार्डं, कोयता, फडकं, पाणी, भाकरी आणि खर्डा. हजेरी पाचशे रुपये. मोटरसायकलचं पेट्रोल संशोधक ताईंच्या प्रकल्पातून मिळतं. ताई चकोत्री या पक्ष्यावर काम करतात, मामा त्यांच्यासाठी जंगलात कॅमेरे लावतात. चपला मात्र स्वतःच्या, आणि या कातळावर त्या एक उन्हाळाही टिकत नाहीत.

६.३०
चौकीवर वनरक्षकांनी वहीत नावं लिहून घेतली. रानकोंबडा आरवतोय. पलीकडे कारवीत चकोत्रीचा कलकलाट चाललाय. कोंबडीहून लहान, विटकरी अंगाची, डोळ्याभोवती लाल कातडी, पायही लाल. ऐकू रोज येते, पण चाहूल लागली की झुडपाखालून पळत सुटते. दिसलीच तर पाठमोरी.

७.४०
पहिली जागा, आटलेल्या ओढ्याची कड. मामांनी पालापाचोळा सारला, बोटानं माती चाचपली.
"ताई, हितं उकरलंय बघा. माती अजून वली हाय. आज पहाटचंच."

वाघासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. चकोत्री त्याच्या खालून निघून जाईल. म्हणून मामा बुंध्याला वीत लावतात, जमिनीपासून एकच. समोर दोन-तीन पावलांवर पक्ष्याची वाट हवी. उबदार अंग हललं की सेन्सर जागा होतो, पण एवढ्याशा अंगाची ऊब त्याला लांबून जाणवत नाही.

मग कोयता. गवत ठेवलं तर ते उन्हावाऱ्यात डुलतं आणि कॅमेरा दिवसभर त्याचेच फोटो काढत बसतो. फार साफ केलं तर चकोत्री उघड्यावर यायला बुजते. मामा दोन काड्या तोडतात, मागे सरून बघतात, आणखी एक तोडतात. ही नजर शिकवून येत नाही. जन्म इथेच गेलाय.

शेवटी ते हातपाय टेकून कॅमेऱ्यासमोरून सरकतात. लाल दिवा लुकलुकला. नवे आठ सेल, नवं कार्ड, साखळी, कुलूप.

१०.१०
दुसरा कॅमेरा आभाळाकडे तोंड करून. गव्यानं अंग घासलेलं. पट्ट्यावर केस चिकटलेत. आत मुंग्यांनी घर केलंय. फडक्यानं पुसायला अर्धा तास गेला. वीसेक हजारांची वस्तू, मामा तळहातावर धरून फुंकर घालत होते.

१२.००
जांभळीखाली भाकरी. ताई जर्डनच्या धाविकाची गोष्ट सांगतात. आंध्रातल्या कडप्प्याचा रातपक्षी, १९०० नंतर कुणाला दिसलाच नव्हता. १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भरत भूषण यांच्या शोधमोहिमेत तो पुन्हा सापडला, तोही स्थानिक माणसाच्या हाती. पुढे त्याच्या शोधात झुडपांमध्ये मातीचे मऊ पट्टे घालून ठसे टिपले, कॅमेरेही लावले.
मामांनी एवढंच विचारलं, "पट्टं कोण घालायचं?"

१.३०
तिसरी जागा, डोहाची कड. या उन्हात तापलेली जमीन आणि पक्ष्याचं अंग यांत फरकच उरत नाही, सेन्सर गोंधळतो. कार्ड बदललं, निघालो.

५.००
खोलीवर लॅपटॉप. पान, पान, गवत, साळिंदर, पुन्हा पान. डोहावर पाचू होला. रिकाम्या रात्रीही तक्त्यात भरायच्या. कॅमेरा चालू होता आणि पक्षी आला नाही, हीसुद्धा नोंद असते, आणि ती गाळली तर बाकीच्या नोंदींना अर्थ उरत नाही.

मग पहिल्या कॅमेऱ्याचे मागच्या आठवड्यातले तीन फोटो, सकाळी ६.५२. चकोत्रीची मादी आणि पायाशी पिल्लं. दोन स्पष्ट, तिसरं अर्धं पानाआड. ताईंनी चित्र मोठं केलं. मामांनी चष्मा लावला.
"मादीचं डोस्कं कापलं गेलंय, जाऊंदे. पन पिल्लं मोजायची तर कॅमेरा अजून चार बोटं खाली घ्याय पायजे."

८.३०
चार्जरात एका वेळी चारच सेल बसतात. उतरवलेले चोवीस आहेत. मधे वीज गेली नाही तर सहाव्या फेरीला पहाट होईल.